निवांत

वारा पडला आहे.
पडला म्हणजे नेमका कुठे, ते बघायला
रिमगाउदास बंधाऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन आला,
ओलं बोट वर धरून,
त्याचा आजा मासेमारीच्या होडीत धरायचा तसं.
बोट वाळलं. चहूबाजूंनी सारखंच.

स्वेन्त्सेलेची खाडी अशी पसरलीय
की पलीकडच्या वाळूच्या टेकड्या
पाण्यात खाली डोकं वर पाय.
लव्हाळ्यांवर चिलटांचे खांब उभे,
त्यांनाही आज कुणी मोडत नाही.

माझ्या शेडचं दार मात्र सकाळी सातपासून वाजतंय.
वारा असतो तेव्हा या लोकांना मी आठवत नाही.
वारा पडला की ज्याला त्याला
आपापलं फाटलेलं आठवतं.

पहिली स्काइस्ते.
तिच्या पतंगाच्या कण्यातली हवेची नळी
रात्रभरात मऊ पडते.
टबात साबणाचं पाणी केलं, नळी बुडवली,
आणि दोघी वाकून बसलो
दूध उतू जायची वाट बघावी तशा.
चहा थंड झाल्यावर एक बुडबुडा आला.
मोहरीएवढा.
"एवढ्याशा भोकातून?"
एवढ्याशाच, बाई.
मोठं असतं तर तुला त्याच दिवशी कळलं असतं.
ती जरा वेळ काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, ठिगळ मोठं लाव.

बाहेर वैदोतास
चारही दोऱ्या कुंपणाच्या खांबाला बांधून
मागे रेलून ओढतोय.
डावी दोन बोटं लांब. दरवर्षी डावीच.
उजवा खांदा निखळल्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही,
दोरी सांगते.

पोरांचे चार फोन, चार भाकितं.
एक म्हणतो उद्या तीनला, एक म्हणतो गुरुवारी.
चौथ्याची बॅटरी संपली,
त्याच्यावरच सगळ्यांचा विश्वास.

दुपारी मासे धुरावायला ठेवले.
धूर सरळ वर गेला आणि सगळे
जेवण सोडून धुराकडे बघत राहिले.
पडलेला वारा गप्पांत मात्र चढतो:
मागच्या ऑक्टोबरचा पंचवीस नॉटचा
पहिल्या माशाला तीस झाला,
काटे उरले तोवर
त्याने रिमगाउदासला उचलून गाईंच्या कुरणात ठेवलं होतं.
(मी तिथे होते. कुरणात तो चालत गेला होता,
चप्पल शोधायला.)

वारा प्यालेली माणसं ही.
शुद्धीवर आली की काहीबाही दिसू लागतं त्यांना.
कुणी म्हणतं, तुमचं छत गळतंय.
कुणी म्हणतं, तुम्ही केस कधी कापले?
मार्चमध्ये, मी म्हणते. दोरा तोंडात धरून.

संध्याकाळी सगळे गेले.
फरशी झाडली. एका पतंगाच्या शिवणीतून
लाल वाळू पडली, आपल्या किनाऱ्याची नव्हे.
कुठल्या समुद्राची, विचारायला कुणी नव्हतं.
केराबरोबर गेली.

मग मी माझा काढला.
कातरणांचा, काड्यांचा, हातभर रुंद,
तळहातावर ठेवला तर आहे की नाही कळू नये.
गुडघा गेल्यापासून पाण्यात मी उतरत नाही.
याला वारा लागत नाही.
लागतात ती माझी पावलं, उलटी.

बंधाऱ्यावर मागे मागे चालत गेले.
मी थांबले की तो विचार करत खाली येतो,
मी निघाले की उठतो.
जेवढी चालते तेवढाच वारा,
त्यात कुणाचा वाटा नाही, कुणाचं भाकीत नाही.
पाण्यात दुसरा एक, उलटा,
त्याला कोण चालवत होतं मला दिसलं नाही.

रात्री अडीचला
आज्याच्या डोलकाठीवरची कोरीव वातदिशा,
रिमगाउदासने माझ्या छतावर ठोकलेली,
कुरकुरली. एकदा. मग पुन्हा.

उठून खिडकी लावली.
म्हणजे उद्या दार वाजणार नाही.
सात जणांचे पैसे राहिलेत.